नवदंपतीचा प्रवास आणि वाहनाची मालकी

अकोल्याची कन्या आणि अमरावतीचा वर अशी एक सोयरीक आमच्या परिचयाच्या दोन घरांत जुळून आली. लग्न पार पडल्यावर हे जोडपे तीन आठवडे अमेरिकेतील मोठमोठी शहरे पाहून परतले. आणि तेवढ्या अवधीत त्यांनी तेथे एकदाही मोटार केली नाही, ही वार्ता दोन्ही घरी मानपानाच्या गोष्टींपेक्षा अधिक दिवस चर्चिली गेली. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, तेथून शिकागो आणि अखेरीस सॅन फ्रान्सिस्को, एवढा पल्ला त्यांनी आगगाडी, भुयारी गाडी, ट्राम, बस आणि आपले पाय यांवर काढिला. वरपक्षाकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे पडले की, ज्या देशात मोटार म्हणजे घरच्या तांब्यापितळेसारखी, त्या देशात जाऊन बसच्या थांब्यावर तिष्ठत उभे राहणे हा निव्वळ करंटेपणा होय. वधूपक्षाकडील एका निवृत्त शिक्षकांनी त्याच गोष्टीची साधी राहणी म्हणून तोंड भरून वाहवा केली. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटली. पहिल्यात पैशाचा हिशेब आहे व दुसऱ्यात पुण्याचा. पण ज्या प्रश्नाचा विचार व्हावयास हवा तो दोहोंच्याही बाहेर राहतो. आपल्या मालकीचे आणि आपल्या हुकमतीतले वाहन असणे म्हणजेच प्रवासाचे स्वातंत्र्य काय? आणि ज्यांनी नुकताच एकमेकांचा हात धरिला आहे, त्यांस या स्वातंत्र्याची मातब्बरी किती वाटावी?

'मधुचंद्र' हा शब्दच मुळी उसनवारीचा आहे. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करून त्यांचे प्रतिशब्द कोणी एकमेकांस जोडिले, आणि ते जोडकाम इतके गोड उतरले की शब्द पाहुणा आहे याची कोणास आठवणही उरली नाही. वस्तू मात्र आपल्याकडे नव्हती. लग्न झाले की जोडप्याने कुलदैवतास जावे. वऱ्हाडातील किती तरी घराण्यांनी माहूरच्या रेणुकेस जावे, कोणी तुळजापूर गाठावे, आणि बंडीत किंवा दमणीत बरोबर एखादी आत्याबाई, दोन करवल्या व शिध्याचे गाठोडे असावे, असा क्रम होता. याला कोणी मधुचंद्र म्हणणार नाही हे खरे. परंतु खुद्द इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुखवस्तू जोडपी लग्नानंतर प्रवासास निघत, ती बहुधा लग्नास येऊ न शकलेल्या आप्तेष्टांस भेटण्यासाठी. आणि कित्येकदा त्यांच्यासमवेत नातलग वा स्नेहीही असत. दोघांनीच जावे, ओळखीचे कोणी दृष्टीस पडू नये, ही कल्पना मागाहून रूढ झाली. अमेरिकेत नायगाऱ्याचा धबधबा नवपरिणितांचे क्षेत्र बनला तोही कालव्यातील नावा आणि आगगाड्या यांच्या बळावर. मोटारीचा तेव्हा पत्ताच नव्हता. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात त्या देशात व्याख्याने देत फिरल्या आणि पुढे १८८९ मध्ये त्यांनी त्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. ती सारी भटकंती दुसऱ्यांनी हाकलेल्या वाहनांतूनच झाली. तेव्हा मोटारीवाचून अमेरिका पाहणे ही काही नवी तऱ्हा नव्हे; मराठी माणसाने ती अशीच प्रथम पाहिली.

एकान्त हवा म्हणून मोटार हवी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या पाहण्यातील गोष्ट जरा उलटी आहे. ज्या घरी दहाबारा माणसांचा राबता, सासूसासरे ओसरीवर, दीर माडीवर आणि नणंदा माजघरात, अशा घरातील नव्या सुनेस नवऱ्याशी चार शब्द मोकळेपणाने बोलावयास प्रथम जागा मिळाली ती आगगाडीच्या डब्यात. डबा माणसांनी ठेचून भरलेला. पण त्यांतील एकही आपला नव्हे! बडनेऱ्यास गाडी धरून भुसावळ येईपर्यंत जे बोलणे होई, ते घरी सहा महिन्यांत झालेले नसे. एकान्तासाठी माणसांचा अभाव लागतो असे नाही. पाळत ठेवणाऱ्यांचा अभाव पुरतो. अनोळखी गर्दी ही एक परीने भिंतच असते, आणि ती भिंत फुकट मिळते.

आता मोटारीकडे वळू. मोटार ही चाकांवरची खोली आहे. दारे लावून घेतली की आतल्या दोघांस तिसऱ्याचे प्रयोजन उरत नाही, असा भास होतो. परंतु त्या खोलीतील दोन आसने सारखी नाहीत, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. एकाने चालवावयाचे, दुसऱ्याने बसावयाचे. चालविणाऱ्याची दृष्टी रस्त्यावर, आणि बसणाऱ्याची निम्मी दृष्टी रस्त्यावर व निम्मी चालविणाऱ्याच्या मुद्रेवर. कोठे थांबावे, कोणता फाटा धरावा, वेग किती असावा, याविषयी सल्ला दोघांचा असू शकेल. निकाल एकाचाच असतो. ते चाक आजही बहुधा पुरुषाच्या हाती असते, पण ते स्त्रीच्या हाती दिले म्हणून आमचा मुद्दा सुटत नाही. असमानता तीच राहते, फक्त बाजू बदलते. विवाहाच्या पहिल्या महिन्यात दोन माणसांनी एकमेकांविषयी जे काही शिकावयाचे, ते एकाने चालविण्याच्या आणि दुसऱ्याने चालविले जाण्याच्या अवस्थेत शिकावे, हे आम्हांस फारसे शुभ वाटत नाही.

आगगाडीत दोघेही उतारू असतात. न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीचा रंगीबेरंगी रेघांचा नकाशा भिंतीवर पाहत उभे राहिले असता अकोल्याची पदवीधर कन्या आणि अमरावतीचा इंजिनियर वर दोघेही सारखेच अडाणी ठरतात. आणि नवविवाहितांस असे सारखे अडाणी होण्याचे प्रसंग थोडेच येतात. ती भुयारी गाडी १९०४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि रात्रंदिवस चालणे हा तिचा धर्म आहे. साथीच्या दिवसांत, २०२० पासून वर्षभर, तिने रात्री काही तास विसावा घेतला तेवढाच. जलद गाडीत बसावयाचे सोडून थांबत जाणारीत बसलो, अथवा गावाकडे जाण्याऐवजी गावाबाहेर निघालो, तर चूक कोणाची याचा वाद फार वेळ चालत नाही, कारण ती दोघांचीच असते. पुढल्या थांब्यावर उतरावे, जिना चढावा, दुसरा उतरावा, आणि पुन्हा तिष्ठावे. या तिष्ठण्याची निंदा होते. पण बोस्टनच्या ज्या भुयारातून १८९७ मध्ये अमेरिकेतील पहिली भुयारी ट्राम धावली, तेथील फलाटावर दहा मिनिटे काही न करिता शेजारी शेजारी उभे राहता येणे ही सहजीवनाची बरीच मोठी परीक्षा आहे. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत जाणारी गाडी दोन रात्री आणि तिसऱ्या दिवसाचा बराच भाग घेते. नेब्रास्काची सपाटी, रॉकी पर्वत, नेवाडाचे उजाड रान, सारे खिडकीतून दोघांस एकाच वेळी दिसते. मोटारीत हे दृश्य ज्याने चालविले त्याच्या वाट्यास येत नाही. जोडप्यातील एकाने रॉकी पर्वत पाहावा आणि दुसऱ्याने पुढल्या मालमोटारीचे पाठीमागचे दिवे पाहावेत, ही वाटणी न्यायाची नव्हे.

येथे वऱ्हाडातील सर्वांत विख्यात नववधूची आठवण होणे साहजिक आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास ती आली असता श्रीकृष्णाने तिला रथात घेऊन नेले, अशी या मुलखाची श्रद्धा आहे. स्वतःचे वाहन घेऊन आलेला हा वर! मोटारीच्या पक्षाला याहून मोठा आधार कोणता? पण भागवतातील कथा नीट ध्यानात घेतली तर त्या रथाचा सारथी दारुक होता. जो पुढे कुरुक्षेत्रावर दुसऱ्याचा रथ हाकणार होता, तो स्वतःच्या लग्नाच्या प्रवासात उतारू होता, आणि त्याच्याशेजारी बसलेली वधूही उतारूच. लगाम दोघांपैकी कोणाच्याच हाती नव्हता. शिवाय त्याच रुक्मिणीच्या नावाची पालखी कौंडिण्यपुराहून आषाढीस पंढरपुरास जाते, ती माणसांच्या खांद्यांवर आणि पायी. हे आम्ही युक्तिवाद म्हणून सांगत नाही, कारण पुराणातून युक्तिवाद काढू लागले की हवा तो निघतो.

परवशतेत दुःख आणि आत्मवशतेत सुख मानण्याची आपली परंपरा फार जुनी आहे, आणि सार्वजनिक वाहनावर बसणारा मनुष्य परवश असतो यात शंका नाही. गाडीची वेळ दुसऱ्याने ठरविलेली, मार्ग दुसऱ्याने आखलेला, जागा मिळेल तेथली. मुंबईहून अमरावतीस येणाऱ्या रात्रीच्या गाडीत जोडपे निजलेले असता इंजिनातील मनुष्य जागा असतो; त्याचे नाव त्यांस ठाऊक नसते, त्याचे तोंडही ते पाहत नाहीत. त्याच्या जागेपणावर, रूळ तपासणाऱ्या गँगमनच्या पावलांवर आणि सिग्नलच्या दिव्यावर आपला जीव सोपवून ते गाढ झोपतात. याला परवशता म्हणावयाचे तर खुशाल म्हणावे. पण विवाहात तरी याहून निराळे काय असते? ज्याच्या जागेपणाची आपण खात्री करून घेऊ शकत नाही, त्याच्या भरवशावर निजणे हेच ते. आम्हांस दिसते ते असे की, आत्मवशतेची जी कल्पना मोटारीच्या चाकास चिकटलेली आहे, ती दोघांच्या संसारास मुळीच लागू पडत नाही. आणि ती घेऊन संसारात उतरणारास पुष्कळच विसरावे लागते.

इतके बोलून थांबलो असतो, तर वधूपक्षाकडील शिक्षकमहाशयांचा आमच्यावर लोभ जडला असता. परंतु त्यांच्या साधेपणाच्या स्तुतीत एक खोट आहे. त्या जोडप्याने जी शहरे निवडिली ती पाहावी. अमेरिकेत दर शंभर कुटुंबांपैकी नव्वदांहून अधिक कुटुंबांपाशी निदान एक मोटार असते. न्यूयॉर्क शहरात मात्र निम्म्याहून अधिक कुटुंबांपाशी ती नसते. याचा अर्थ न्यूयॉर्ककर अधिक सात्त्विक आहेत असा नव्हे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी जमीन खणून ठेविली, आणि तिच्यात आज गाड्या धावतात, एवढाच त्याचा अर्थ. लॉस एंजेलिस शहराभोवती एके काळी विजेच्या ट्रामगाड्यांचे अवाढव्य जाळे होते. त्यातील शेवटची गाडी १९६१ मध्ये थांबली, १९५६ च्या कायद्याने देशभर पसरलेल्या मोटारमार्गांनी तिची जागा घेतली, आणि १९९० पासून ते शहर पुन्हा रूळ टाकीत बसले आहे. त्या जोडप्याने न्यूयॉर्कऐवजी टेक्सासमधील ह्यूस्टन निवडिले असते तर त्यांचा साधेपणा पहिल्याच दुपारी उन्हात करपला असता. तेव्हा मोटारीवाचून फिरण्याची मौज ही त्यांची कमाई नसून त्यांस मिळालेले दान होते. दान घ्यावे, पण त्यास तप म्हणू नये.

आणि हा भेद आपल्या घरी, वऱ्हाडात, अधिकच टोचतो. मूर्तिजापुरास एकीकडून यवतमाळ व दुसरीकडून अचलपूर यांशी जोडणारी अरुंद रुळांची शकुंतला विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने घातली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लागावा म्हणून. उतारूंची सोय हा आनुषंगिक लाभ. तरी तीत बसून किती नवऱ्यामुली सासरी गेल्या असतील! तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरहून आलेले. ते १९९४ मध्ये उतरवून डिझेलचे लावण्यात आले, आणि पुढे काही वर्षांनी गाडीच थांबली. आमचे अनेक रसिक मित्र तिच्या मंदगतीवर लट्टू होते. त्यांपैकी तिने दररोज प्रवास करणारा एकही नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. एस.टी.ची गोष्ट घ्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली गाडी सुटली, त्यानंतर मेळघाटातील खेड्यांपर्यंत ती पोहोचावयास पुष्कळ काळ लागला. आणि २०२१ च्या ऑक्टोबराच्या अखेरीपासून पुढील एप्रिलापर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा त्या खेड्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला दोराच तुटल्यासारखा झाला. ज्यास ऐपत होती त्याने मोटार काढिली. नव्हती त्याने काळीपिवळीच्या टपावर बसून प्रवास केला किंवा तो घरीच राहिला. अशा मनुष्यापुढे जाऊन, 'तुमच्यापाशी मोटार नाही हे किती छान!' असे म्हणण्याचे धैर्य साधेपणाच्या भाटांस होईल काय?

वस्तू असता तिच्यावाचून राहणे आणि वस्तू नसता तिच्यावाचून राहणे यांस आपली भाषा त्याग व अभाव अशी दोन नावे देते, आणि ती योग्यच आहेत. पण व्यवहारात पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्यावर पांघरून त्यास गप्प बसविण्याची खोड सुखवस्तू वर्गास फार. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. कारण अभावाचा उपाय काय, हे विचारले की सगळे एकमुखाने सांगतात, प्रत्येकास मोटार द्या! म्हणजे प्रत्येकाने आपले आपण हाकावे. हा उपाय आम्हांस खोटा वाटतो, आणि का ते सांगण्यासाठी एका जुन्या प्रवासाकडे वळले पाहिजे. तो प्रवास लग्नाचा नव्हता.

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर काही मुले उतरली. वडील गोरेगावी नोकरीस होते. त्यांस पाठविलेले पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, मुलांपाशी पैसे होते. पण मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर तोड निघाली ती अशी, की गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवान बरोबर पायी चालेल. त्या मुलांतील नऊ वर्षांच्या भीमरावांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेविली आहे. आणखी अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बॅरिस्टर होऊन आलेले तेच डॉ. आंबेडकर चाळीसगावास उतरले. अकोला-बडनेऱ्याकडे येणाऱ्या याच लोहमार्गावरील हे स्टेशन. तेथेही टांगेवाला मिळेना. त्यांच्या लोकांनी टांगा भाड्याने मिळविला, पण हाकणारा नाही. तेव्हा ज्यास हाकण्याचा सराव नव्हता अशा एकाने लगाम धरिला, आणि नदीवरील मोरीवर टांगा अडखळून डॉक्टर खाली फेकले गेले व त्यांस मोठी दुखापत झाली.

आपल्या हाताने लगाम धरणे म्हणजे स्वातंत्र्य, असे ज्यांस वाटते त्यांनी या दोन प्रवासांपुढे क्षणभर थांबावे. त्या मुलांच्या हाती लगाम होता. तो त्यांस सन्मान म्हणून दिलेला नव्हता, तर 'आम्ही तुम्हांस वाहून नेणार नाही' या नकाराची ती खूण होती. दुसऱ्याने आपणास नेणे, अनोळखी मनुष्याने आपल्यासाठी लगाम धरणे, आणि तेही आपली जात न विचारिता, केवळ आपण तिकिटाचे पैसे दिले म्हणून. यात केवढी प्रतिष्ठा आहे हे ज्यांस ती नाकारली गेली त्यांनाच कळते. ज्या अंबादेवीच्या देवळाशी रुक्मिणीची कथा जोडलेली आहे, त्याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये अमरावतीस सत्याग्रहाची चळवळ झाली. तेथेही मागणे असेच होते. आपले वेगळे देऊळ बांधून घ्या, आपली वेगळी गाडी हाका, हे उत्तर नेहमी तयार असते, आणि देणाऱ्यास ते उदारपणाचेही वाटते.

अमेरिकेतही हे घडले आहे. अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्यास रोझा पार्क्स या बाईंनी १ डिसेंबर १९५५ रोजी नकार दिला आणि त्यांस अटक झाली. त्यानंतर तेथील काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला; कित्येक पायी चालले, आणि ज्यांच्यापाशी मोटारी होत्या त्यांनी त्या इतरांसाठी काढल्या. मोटारीचा याहून उमदा उपयोग आमच्या ऐकिवात नाही. पण त्यांचे मागणे काय होते? प्रत्येकास एक मोटार मिळावी असे नव्हते. बसमध्ये माणसासारखे बसता यावे एवढेच होते. त्यांनी मोटारी काढल्या त्या बसमध्ये परत जाण्यासाठी.

म्हणून सार्वजनिक वाहनाची आम्ही केलेली स्तुती बिनशर्त घेऊ नये. जे वाहन सर्वांस सारखे वाहून नेत नाही, त्याची स्तुती करणे म्हणजे त्यात ज्यास जागा मिळाली त्याने आपल्या जागेची स्तुती करणे होय. नवविवाहित स्त्रीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. रात्रीच्या बसस्थानकावर, जेथे दिवा एक आणि बाक मोडके, तेथे तिने अनोळखी गर्दीत स्वातंत्र्य अनुभवावे असा उपदेश पुरुषाने करणे शोभत नाही. आमचे वर म्हटलेले सारे आगगाडीतील डब्याविषयी खरे आहे. मध्यरात्रीच्या ओस फलाटाविषयी ते खरे नाही. गर्दी ही भिंत असते ती गर्दी असेपर्यंतच. उलट, २०२३ च्या १७ मार्चपासून एस.टी.त स्त्रियांचे भाडे निम्मे झाले, तेव्हा कित्येक बायका, ज्या आजवर नवऱ्यामागून जात, त्या एकट्याच माहेरी आणि देवास जाऊ लागल्याचे आम्ही आमच्याच तालुक्यात पाहतो. कंडक्टर जोडप्याकडे पाहून 'एक पूर्ण, एक अर्धे' म्हणतो, तेव्हा अर्धे कोणाचे यावरून होणारी थट्टा आता जुनी झाली. पण त्या अर्ध्या तिकिटाने घरातील लगामाविषयीचे कित्येक वाद मिटविले आहेत, असा आमचा समज आहे.

अमेरिकेस जाणारी जोडपी थोडी. वऱ्हाडातील बहुतेकांचा प्रवास चिखलदऱ्यास संपतो, आणि तो कमी प्रतीचा आहे असे मुळीच नाही. परतवाड्याहून घाट चढू लागले की उन्हाळ्यातही वारा बदलतो. वर कॉफीचे मळे आहेत, गाविलगड आहे, आणि भीमाने कीचकास मारून ज्या दरीत टाकिले म्हणतात ती दरी आहे. अमरावतीहून एस.टी. जाते. ती सकाळची धरावी, खिडकीची जागा वळणावळणाने वाटून घ्यावी, आणि वर गेल्यावर पायांनी फिरावे. ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत, दोघांपैकी एकाचे पाय दुखू लागतील, तेव्हा तेथली जीप भाड्याने घेण्यास हरकत नाही. ती चालविणारा कोरकू असो वा गवळी, त्यास तेथली वाट ठाऊक असते, आणि दोघेही पाठीमागे बसू शकतात. परतीची शेवटची गाडी केव्हा सुटते हे मात्र उतरल्याबरोबर स्थानकावरच विचारून ठेवावे, आणि ते दोघांनीही ऐकावे.